छप्पर कुणाचं?

सुटले बाई एकदाची! फ्लॅट मिळाला यमुनाताईंना, आणि नाचले मी.

यमुनाताई डॉक्टर नवऱ्याबरोबर साउथहॅम्प्टनला आल्या. नवरा गेल्यावर मुलाकडे, गिरीशकडे राहायला गेल्या. गिरीश गुणी, सून शहाणी. पण टीव्हीचा आवाज वाढवायचा तरी या विचारून वाढवायच्या. मी त्यांची मैत्रीण, मला ते बघवत नसे.

सत्त्याऐंशी साली कम्युनिटी सेंटरमधला शिवणाचा क्लास फुल झाला, म्हणून आम्ही दोघी चिनी अक्षरांच्या क्लासला बसलो. शिकवायला मिस्टर लाऊ, बोटीवरचे रिटायर्ड कुक. त्यांनी ब्रशने एक अक्षर काढलं. वर छप्पर, खाली बसलेली बाई.

"तीन हजार वर्षांपूर्वी कासवाच्या कवचावर हे कोरायचे," ते म्हणाले. "अर्थ, स्वस्थ असणं. मग त्याचं झालं सुखरूप. मग थोरामोठ्यांची खुशाली विचारणं. आता घरात मशीन बसवायचं तरी हेच अक्षर."

माझं डोकंच फिरलं. "वा रे वा! बाई घरात बसली की सगळं स्वस्थ! पुरुषानंच काढलं असणार."

लाऊ हसले. यमुनाताई मात्र कागदाकडेच बघत होत्या. "पण छप्पर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

लाऊंनी ब्रश खाली ठेवला. "ते अक्षरात कुठे सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ताईंनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फ्लॅटचा फॉर्म भरला. म्हाताऱ्या माणसांसाठीचे छोटे फ्लॅट, दोन बसस्टॉप पलीकडे. सहा महिन्यांनी होकाराचं पत्र आलं आणि नेमकं गिरीशच्या हातात पडलं. "मी असताना आई एकटी राहणार? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!" त्यानं परस्पर कौन्सिलला कळवलं, आई आमच्याकडे सुखात आहे, फ्लॅट नको. असलं पत्र आपलाच मुलगा लिहू जाणे! वर जेवताना आईला अभिमानानं सांगितलंन.

ताई माझ्याकडे येऊन रडल्या. "उल्का, गेलं गं हातातलं." मी गिरीशला मनात लाखोली वाहिली, पण करणार काय?

अकरा दिवस असे गेले. मग कौन्सिलचं उत्तर आलं, ताईंच्या नावानं, आणि ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या. अर्ज तुमचा आहे, मुलाच्या पत्रानं तो रद्द होत नाही. तुमची इच्छा काय, ते शुक्रवारपर्यंत स्वतः येऊन सांगा.

हुश्श! मी तिथेच जिन्यात बसकण मारली. ताईंनी ते पत्र दोनदा वाचलं.

शुक्रवारी गिरीशनंच गाडी काढली. मी मागच्या सीटवर, भांडायच्या तयारीत. कौन्सिलच्या ऑफिसशी गाडी थांबली. ताई आत गेल्या, सही करून आल्या. गाडी सुरू न करताच तो म्हणाला, "आई, आमचं काय चुकलं गं?"

"काही नाही रे बाळा. सगळं दिलंस. फक्त विचारलं नाहीस."

त्यानं गाडी सुरू केली. मग म्हणाला, "पडदे कुठल्या रंगाचे हवेत तुला?"



"थांब हं," त्या म्हणाल्या, "मला जरा विचार करू दे."