विसरलेला कोयता

देवीशी मी बोलणं टाकलं होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. यजमान आजारी होते त्या वर्षी कळंबहून तुळजापूरला मी किती खेटे घातले, याला मोजमाप नाही. सुट्टी आली की पहाटेची एसटी धरायची, दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, ओटी भरायची आणि कुंकू घेऊन अंधार पडायच्या आत परत यायचं. तरीही ते गेले. त्यानंतर मी देवीला दोष दिला नाही, जाब विचारला नाही. नुसतं बोलणं बंद केलं. घरात दिवा लावत होते, कारण लावला नसता तर जाऊबाई दिवसभर विचारत राहिल्या असत्या. हात जोडले जायचे, आत काही हलायचं नाही. अशी सहा वर्षं गेली.

या जाऊबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय सहासष्ट, साखरेचा आजार, आणि पोटात गोष्ट म्हणून राहत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा लेकीनं मला अंदमानची सहल काढून दिली. बत्तीस वर्षं मी वर्गातल्या नकाशावर पट्टी टेकवून मुलांना ते ठिपके दाखवले होते आणि स्वतः समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. बेटावरच्या एका डोंगरावरून खाली निळं पाणी आणि त्यात हिरवी बेटं दिसतात, असा फोटो लेकीनं फोनवर दाखवला, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की तिथं उभं राहायचं. पण तिनं माझ्या जोडीला अक्कांचंही नाव घातलं. "आई, तू एकटी नको जाऊस." मला एकटीलाच जायचं होतं, हे तिला कसं सांगणार?

अक्कांनी देवीचा चांदीचा टाक पिशवीत घालून सोबत आणला होता. रोज सकाळी हॉटेलात त्याला अंघोळ, गंध, फूल. फूल मिळालं नाही तर खाली बागेत जाऊन ते मिळवणं. खाली बस वाजत राहायची, सोबतची मंडळी घड्याळ बघायची, आणि मी ओशाळून सगळ्यांची माफी मागत फिरायचे. तीन दिवसांत माझा जीव इतका मेटाकुटीला आला की रात्री डोळे मिटले तरी त्यांची बडबड ऐकू यायची.

डोंगराचा दिवस मंगळवारचा होता. बोटीनं पलीकडे गेलो, जीपनं वर चढलो. तिथून पुढे रानातून पायवाट. गाईड म्हणाला, शेवटी एक मोठा खडक आहे, तिथून सगळा समुद्र दिसतो. एक तास लागेल, सावकाश या. एवढं सांगून तो तरण्या मंडळींबरोबर पुढे निघून गेला. वाट ओली, मुळं वर आलेली, हवा अशी दमट की पदर अंगाला चिकटून बसलेला. आमच्या बालाघाटात उन्हानं कातडी भाजते, पण श्वास तरी मोकळा घेता येतो. इथं ओल्या फडक्यातून श्वास घेतल्यासारखं होत होतं. त्यात अक्का दर वीस पावलांवर थांबत होत्या. कधी चप्पल निसटली, कधी जळू चिकटली, कधी नुसतंच, "मास्तरीण, लई घाई करतीस बघ तू."

"अक्का, सकाळी नीट खाल्लंत ना?" मी विचारलं.

"खाल्लं की."

त्या खोटं बोलत होत्या. मंगळवार देवीचा वार म्हणून त्यांनी उपास धरला होता, साखरेची गोळी मात्र नेमानं घेतली होती, आणि इडल्या रुमालात बांधून हॉटेलच्या कुत्र्यांना घातल्या होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या जास्तच रेंगाळताहेत एवढंच मला दिसत होतं, आणि माझी सहनशक्ती संपली. "तुम्ही या दगडावर बसा. हलू नका. मी बघून येते," असं म्हणाले आणि मागे वळूनही न पाहता निघाले. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, ते मी ऐकूनही घेतलं नाही. आज लिहिताना हे लपवावंसं वाटतं, पण लपवलं तर पुढचं सांगण्यात काही अर्थ राहणार नाही.

मी खडकावर पोचले तेव्हा समोर पांढरं धुकं होतं. समुद्र नाही, बेटं नाही, समोरचं झाडही धड दिसेना. आमच्यातली मंडळी धुक्यातच फोटो काढत होती. मी कडेला उभी राहिले आणि मन एकदम कडू झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून देवीला शब्द गेला, आणि तो काही प्रार्थनेचा नव्हता. "एवढंही नाही का दाखवायचं?" मी पुटपुटले. "माणूस नेलंस, निदान इथून पाणी तरी बघू द्यायचं होतंस." धुकं हटतंय का याची दोन-चार मिनिटं वाट बघून मी माघारी फिरले.

दगडावर अक्का नव्हत्या.

आधी राग आला. बसा म्हटलं तर बसायचं नाही, असा या बाईचा स्वभावच. मग हाका मारल्या. मग दगडाखाली त्यांची एक चप्पल दिसली. वाटेच्या कडेनं पाचोळा विस्कटला होता. तिथून थोडं खाली, एका अजस्र झाडाच्या मुळांमध्ये त्या टेकून बसल्या होत्या. अंग घामानं निथळत होतं, हात थरथरत होते. मला पाहून म्हणाल्या, "आत्याबाई, चूल पेटवलीय मी." आमच्या सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली.

यजमानांच्या आजारपणात मी एवढं शिकले होते की साखर उतरली की असं होतं आणि लगेच गोड द्यावं लागतं. मी पर्स पालथी केली. त्यात काय निघालं तर बिनसाखरेची बिस्किटं. अक्कांना चालावीत म्हणून मीच शोधून शोधून घेतलेली. ती पुडी मी तिथंच फेकून दिली. फोनला रेंज नाही. गाईडला हाका मारल्या, माझाच आवाज रानात विरून गेला. त्यांना सोडून धावत जावं तर एकदा सोडलं होतं त्याचं फळ समोर होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि देवीला चक्क शिव्या दिल्या. तुळजापुरात कुणी ऐकलं असतं तर मला गावाबाहेर काढलं असतं. शिव्या संपल्या तेव्हा मागायलाही काही सुचेना. "तुझी आहे, तूच बघ," एवढं म्हणाले. ते भक्तीनं म्हटलं नव्हतं. दमलेलं माणूस हातातलं ओझं खाली टाकतं, तसं टाकलं.

तेवढ्यात आमच्या डोक्यावरच्या पायवाटेनं कुणीतरी बोलत चढून येताना ऐकू आलं. बोलणं कसलं, तणतण होती. एक सावळी, काटक बाई, पन्नाशीची, पायात रबरी बूट, खांद्याला कापडी झोळी, स्वतःलाच हिंदीत बोल लावत चालली होती. मी ओरडले. ती घसरत खाली आली, अक्कांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता झोळीतून प्लास्टिकची बाटली काढली. काळा चहा होता, थंडगार. "बहुत मीठा है," ती म्हणाली, "हम लोग ऐसाच पीता है." तिनं झाकणात चहा ओतला, मी अक्कांच्या ओठांना लावला. एक घोट, मग दुसरा. त्या नीट गिळत होत्या. तिनं घाई करू दिली नाही. झाकणामागून झाकण, अर्धी बाटली संपली तेव्हा अक्कांच्या हाताची थरथर थांबली. मग तिनं फडक्यातली दोन केळी सोलून दिली.

अक्कांनी डोळे नीट उघडून आधी केळ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मोडला का गं उपास?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "मोडला. आणि पुन्हा गोळी घेऊन उपास धरलात तर मी तुम्हाला याच बेटावर ठेवून जाईन."

"बरं," त्या म्हणाल्या. इतक्या मुकाट्यानं त्या आजवर कधी कबूल झाल्या नव्हत्या.

ती बाई पायवाट साफ करणाऱ्या मजुरांपैकी होती. तिचे आजा-आजी रांचीकडून इथं कामाला आले आणि इथलेच झाले. मी तिला विचारलं, तू या वेळी इकडे कशी? तर तिचा राग परत उसळला. सकाळचं काम संपवून ती सोबतच्या बायकांबरोबर पार खाली पोचली होती, जेवायला बसणार, तेवढ्यात लक्षात आलं की कोयता वरच राहिला. "इतना गुस्सा आया अपने ऊपर! खाना वैसाच छोड़ के फिर चढ़ी." जेवण सोडून ती पुन्हा चढ चढली होती, वाटभर स्वतःला शिव्या देत. कोयता तिला पुढं एका बांबूच्या बेटाशी सापडला. तो कमरेला खोचून ती परत आली, अक्कांना एका बाजूनं धरलं आणि जीपपर्यंत पोचवलं. मी तिच्या हातात काही ठेवायला गेले तर तिनं हात मागे घेतला. अक्कांनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढून तिच्या कपाळाला बोट लावलं, ते मात्र तिनं डोळे मिटून लावून घेतलं. ती कोणत्या देवाची, ते कुणी विचारलं नाही.

समुद्र डोंगरावरून पाहायचा तो राहूनच गेला. जीप सुटताना वर ऊन पडलेलं दिसलं. मंडळी म्हणाली, आत्ता दिसत असेल. माझी मान तिकडे वळली नाही. मी अक्कांची नाडी धरून बसले होते.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या बाईच्या रागाचा विचार करत होते. तिला वाटलं, आपला दिवस फुकट गेला. मलाही वाटलं होतं, आपला दिवस फुकट गेला. धुकं नसतं तर मी खडकावर तासभर रमले असते, आणि खाली अक्का एकट्याच राहिल्या असत्या. कुणी म्हणेल योगायोग. मी वाद घालणार नाही. वाद घालायची माझी हौस त्या झाडाखाली संपली. आपण ज्याला अडथळा समजून दातओठ खातो, तो कुणाकडे जायचा रस्ता असतो, हे आपल्याला चालताना दिसत नाही, एवढंच मला कळलं. यजमान का गेले, हे मात्र मला अजूनही कळलेलं नाही. पण न कळलेल्या गोष्टीसाठी बोलणं तोडायचं नसतं.

परत आल्यावर एका साध्या दिवशी मी एकटी तुळजापूरला गेले. मागणं नव्हतं, नवस नव्हता. रांगेत गर्दी, धक्काबुक्की, पुढची बाई माझ्या पायावर पाय देत होती, आणि सहा वर्षांचं बोलायचं मी मनात जुळवत होते. गाभाऱ्यासमोर आले आणि एक शब्द आठवला नाही. डोळे भरून आले, मूर्ती नीट दिसलीसुद्धा नाही. "चला बाई, पुढं चला," पुजारी म्हणाले.

मी पुढं चालले.