गढी कुणाची, ते एकदा ठरवा!

आमच्या चाकूरकडच्या गावात गढी एकच, पण मालकी सांगणारे इतके झाले की एकेकाचा किस्सा सांगायला बसले तर चुलीवरची खिचडी करपंल. मी त्या गढीतल्या अंगणवाडीची मदतनीस. जो मालिक येतो तो माझ्या हातचा चहा पितो अन् वर म्हणतो, "अंगणवाडी दुसरीकडं हलवा!" दुसरीकडं म्हणजे एस.टी. थांब्याच्या शेडात. तिथं पंचवीस लेकरं अन् तेवढीच कुत्री!

* * *

पहिले मालिक देशमुख. त्यांच्या राज्यात आमच्या वस्तीतल्या माणसाला दिंडी दरवाजाच्या आत पाय टाकायची बंदी. पुढं लई वर्षांनी अंगणवाडी आली, मी कामाला लागले अन् गढीची किल्लीच माझ्या कमरेला आली. पहिल्याच दिवशी सासूला हाताला धरून आत नेलं. म्हातारीनं चारी बाजूंनी बघितलं अन् म्हणली, "एवढ्यासाठी अडवत व्हते व्हय गं? घाणच घाण हाय की!"

* * *

देशमुख लातूरला गेले, पोलीस चौकी बसली. चौकी उठली, सोसायटीचं खताचं गोदाम आलं. प्रत्येकानं दारावर आपली पाटी ठोकली, आधीची कुणीच काढली न्हाई. तलाठी 'सरकारी मालमत्ता' घेऊन आला तर वर जागाच न्हाई! खाली ठोकली, लेकरांच्या नाकासमोर. आमच्या सेविका सुमनताई त्याच पाटीवर त्यांना 'स' गिरवायला लावतात.

* * *

एकदा जुन्या इमारतींचे एक अभ्यासक आले. गळ्यात कॅमेरा. मला म्हणाले, "बाई, हा बुरूज म्हणजे वारसा आहे. पवित्र जागा. कुणाला हात लावू देऊ नका."

मी म्हणलं, "हाव सायेब. पण आत्ता तुम्ही त्याच्याच मागं मुतून आलात!"

* * *

अन् हा औंदाचा. देशमुखांचा नातू पुण्याहून आला. गढीत हॉटेल काढायचं म्हणे. संगं जुने कागद अन् मोजणीदार. मोजणीदार म्हणला, "माप कागदाशी जुळलं की ताबा तुमचा." सुमनताईंनी तर लेकरांच्या ताटल्या पोत्यात भरायला घेतल्या. रडून राहिल्या नुसत्या.

टेप लागला. कागदावर भिंत नऊ हात रुंद. जागेवर भरली तीन हात! मागची तर गायबच.

नातू तापला. "सहा हात भिंत गेली कुठं?"

मोजणी बघायला जमलेलं सगळं गाव खाली बघायला लागलं. आता खाली काय बघायचं? गढीची पांढरी माती घराच्या धाब्यावर, माळवदावर अंथरली की पावसाचा थेंब आत येत न्हाई. दर उन्हाळ्यात बायका टोपली घेऊन येतात अन् भिंत उकरून नेतात. मी बी नेते.

मीच म्हणलं, "वर बघा सायेब. सगळ्यांच्या माळवदावर हाय तुमची भिंत."

"ही चोरी आहे!" नातू मोजणीदारावर ओरडला. "लिहा! आत्ताच्या आत्ता लिहा! ज्याच्या ज्याच्या घरावर माझी माती आहे, त्या प्रत्येकाचं नाव लिहा!"

मोजणीदार शेजारच्याच गावचा. त्यानं टेप हळूहळू गुंडाळला, पेनाचं टोपण काढलं अन् इचारलं,

"सायेब, सुरुवात माझ्यापासून करू का?"