सोबतीचं माणूस

जवळ बसायला कुणी नाही, म्हणून एखाद्याची शस्त्रक्रिया रद्द झालेली तुम्ही पाहिली आहे का?

माझी रद्द होणार होती. पोटात गाठ वाढत होती, आरोग्य विमा नव्हता, आणि रत्नागिरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात बाहेरगावचे सर्जन त्या एका दिवसापुरते मोफत शस्त्रक्रिया करायला आले होते. उपचार हा हक्क आहे, भीक नव्हे, अशी पत्रकं वाटत मी वाढले. तरी त्या दिवशी दानाच्या रांगेत उभी होते. आईवडील नाहीत. भाऊ जहाजावर, भर समुद्रात. व्हरांड्यात सिस्टर म्हणाल्या, "सोबत माणूस नसेल तर डॉक्टर घेणार नाहीत. शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण बसणार?"

भिंतीला टेकून मी मनातल्या मनात ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं कसलं, भांडणच ते. सगळ्यांची आई म्हणवतेस ना, मग ये आणि बस माझ्याजवळ. ती येईल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

शेजारच्या बाकावर गुहागरकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याला तपासून डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, रोग फार पसरलाय, आता चिरून उपयोग नाही. बायको पदरानं त्याचा घाम पुसत होती. आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं असणार. ती उठली.

"हिच्यासोबत मी हाय."

"तुम्ही कोण हिच्या?" सिस्टरनी विचारलं.

"मावशी म्हना."

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो तिला म्हणाला, "जा गो तू. मी आता काय पळून जातोय?" आणि चक्क हसला.

शुद्धीवर आले तेव्हा ती ओल्या कापसानं माझे ओठ टिपत होती. "उठू नको गो बाय. गाठ काढली." तिचे डोळे सुजले होते. नवऱ्यासमोर तिला रडता आलं नसावं. ते तिनं माझ्या उशाशी उरकून घेतलं.

संध्याकाळच्या एसटीनं ती दोघं गेली. नाव विचारायचं राहिलं. तो पुढे किती जगला, ठाऊक नाही.

उपचार कुणाच्या दयेवर मिळावेत, हे मला आजही मान्य नाही. त्यासाठी मी भांडत राहीन. पण देवी आली होती का, हा वाद मी घालत नाही. त्या दिवशी माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि तेव्हाच मला सांभाळलं गेलं. मी हात जोडते.

तुम्ही एवढं करा. जवळच्या रुग्णालयात जा, कुणी एकटं आलंय का विचारा, आणि असेल तर त्याच्याजवळ बसा.