कडुबाची सोळा पानं

वाचनालयातलं पुस्तक चोरीला गेलं तर मला फारसं वाईट वाटत नाही. चोरणारा निदान ते वाचेल तरी. पण पुस्तकाची पानं ब्लेडनं कापणारा माणूस सापडला तर त्याची गय करणार नाही, असं मी नोकरीला लागल्यापासून सांगत आलेय. आणि गेल्या महिन्यात तो माणूस आमचा कडुबाच निघतो की काय, अशी वेळ आली.

कडुबा पुस्तकं घरपोच पोचवतो. आधी सायकलवर, आता जुन्या मोपेडवर. मी शीला, सिडकोतल्या या वाचनालयाची ग्रंथपाल. बावीस वर्षं माझी सही आणि त्याचे पाय, असा आमचा कारभार चाललाय. मूळचा तो फुलंब्रीकडचा, मेंढरं वळणाऱ्या घरातला. सातवी झाल्यावर बापानं हातात काठी दिली, ती यानं कोपऱ्यात ठेवली आणि शहराची एसटी धरली. कोणत्या घरी काय वाचतात ते त्याला तोंडपाठ. "गारखेड्याच्या काकूंना यंदा रडायचं पुस्तक द्या, त्यांची सून परत आलीया," असं तो सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. स्वतः मात्र कधी पुस्तक उघडलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "वाचलं की माणसाला मतं येतात, ताई. मला एवढ्या घरी चहा प्यायचा असतो."

दिवाळीनंतर ती कादंबरी आली. तिचं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘वकिलाची कादंबरी’ म्हणतात. बाप मरतो, मागं दोन भाऊ आणि एक बहीण. भाऊ बहिणीला कचेरीत नेतात ते वारस म्हणून नाव लावायचंय असं सांगून, आणि प्रत्यक्षात सही घेतात हक्कसोडीवर. बापाच्या जमिनीतला वाटा मी राजीखुशीनं भावांना सोडला, असा तो कागद. आपल्याकडं बहिणी तो करून देतात, माहेरची वाट उघडी राहावी म्हणून हसत देतात. ही बाई मात्र कोर्टात जाते. मग साक्षीदार फुटतो, एक वहिनी गायब होते, तिच्या वकीलबाईंच्या गाडीची काच फुटते. शेवटच्या सोळा पानांत निकाल लागतो: कागद रद्द, बहिणीचा तिसरा हिस्सा कायम.

मी ती एका बैठकीत वाचली आणि उठून कपाटातला माझा स्वतःचा कागद काढला. मीही हक्कसोड करून दिलीय, दोन भावांना. वाचून सही केली होती, कुणी फसवलं नव्हतं. तरी त्या दिवशी मी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. स्वतःच्या भावांवर संशय घेतला याची लाज वाटली, पण वाचला.

आमच्याकडं एक अभिप्राय वही आहे. एरवी तीत ‘छान’, ‘बरं आहे’, ‘प्रत फाटकी आहे’ एवढंच असतं. या पुस्तकानं वही भरत आणली. आमचे अध्यक्ष पुंडलिकराव नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी दीड पान लिहिलं की लेखकाला फेरफार आणि सातबारा यातला फरक कळत नाही, आणि असा कागद आमच्या काळात आमच्या टेबलावरून पुढं गेलाच नसता. रामप्रसाद नावाचे आमचे एक सभासद आहेत, कापसाचे व्यापारी. त्यांनी लिहिलं, ‘शेवटपर्यंत वाचले. बहिणीचे पात्र अतिरंजित. आमच्या समाजात बहिणी अशा नसतात.’ दोन दिवसांनी त्याच्या खाली हिरव्या शाईत कुणीतरी लिहून ठेवलं, ‘विचारून पाहिलं का?’ त्यावरून रामप्रसादजी माझ्याशी भांडले. अक्षर ओळखा म्हणाले. मी म्हटलं, मी काय पोलीस आहे?

राजनंदिनीताईंनी तर पुस्तक वीस दिवस ठेवलं आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही. मग त्यांचा भाऊ येऊन मला विचारून गेला, "आमची ताई हल्ली काय वाचते?" मी सांगितलं, पाककृती. जो तो लेखकाचा पत्ता विचारी. कुणाला वाटे हा आपल्याच गल्लीतला असणार, कुणाला वाटे आपल्या वकिलानंच टोपणनावानं लिहिलंय. माणसं घरातल्या घरात एकमेकांकडं डोळे बारीक करून बघायला लागली.

आणि मग एका बुधवारी मोनिकाचा फोन आला. बँकेत आहे ती, शांत मुलगी. म्हणाली, "ताई, दोनशे शहाऐंशी पानानंतर एकदम मागचं कव्हर आहे. निकाल कुठाय?"

पुस्तक मागवून बघितलं. शिवणीलगत ब्लेडनं सरळ कापलेलं. नोंदवही काढली. मोनिकाच्या आधी रामप्रसादजी, आणि त्यांनी तर शेवट वाचून अभिप्राय दिलेला. त्यांच्याकडून कडुबानं पुस्तक शनिवारी आणलं. रविवारी त्याची सुट्टी, सोमवारी वाचनालय बंद, मंगळवारी त्यानं ते मोनिकाकडं दिलं. मधले दोन दिवस पिशवी नेहमीसारखी त्याच्या घरी. बोट ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

मी त्याला विचारलं, "कडुबा, पानं कुठं गेली?"

"मी पुस्तकं उघडत नाय, ताई," तो म्हणाला आणि मोपेडचा आरसा पुसायला लागला.

कोणत्या पुस्तकाची, कोणती पानं, असं त्यानं विचारलंच नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुंडलिकरावांच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे. त्यांनी येत्या रविवारी कार्यकारिणीची बैठक बोलावली. "पिशवी ज्याच्या घरी, चोर त्याच घरचा. मी असा माणूस संस्थेत ठेवणार नाही." मी म्हटलं, माणूस बावीस वर्षं कामाला आहे. ते म्हणाले, "माझ्या कचेरीतले चोर तीस वर्षं कामाला होते." पन्नाशीच्या कडुबाला दुसरं काम कोण देणार? आणि काम गेलं ते गेलं, पण ज्या दीडशे घरांत तो आत जाऊन चहा पितो, तिथं उद्या त्याला चोर म्हणून दारातच उभं केलं असतं. मला झोप लागेना. त्याच्यावर विश्वास ठेवावा तर तो डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. संताप यायचा तो याचाच.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी न सांगता हर्सूलला त्याच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. बायको कंपनीत कामाला गेलेली. दारात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती, मनगटावर गोंदलेलं, पदर घट्ट खोचलेला. कडुबाची थोरली बहीण, बानाबाई. नवरा गेल्यावर फर्दापूरकडचं बिऱ्हाड मोडून वर्षभरापूर्वी भावाकडं आली, हे मला माहीत होतं. बघितलं नव्हतं कधी. कडुबा मला बघून उभाच राहिला. मग चहाचं म्हणून आत गेला. त्याची मुलगी अपेक्षा, कॉलेजात जाणारी, तिनं मला खुर्ची दिली.

"तुमीच का पुस्तकवाल्या बाई?" बानाबाई म्हणाली. "बसा. तुमची पुस्तकं मला सगळी ठावं हायेत."

"वाचता तुम्ही?"

"मला कुठं अक्षर येतंय? ही वाचती. रविवारी पिशवी घरी असली की ही मला एक घेऊन बसती. ह्या कोर्टाच्या पुस्तकापायी तर आमी दोन दिवस सैपाक बी धड केला नाय."

अपेक्षानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. मी सरळ विचारलं, "मग शेवट कसा वाटला?"

"शेवटाची पानंच नव्हती," अपेक्षा हळू बोलली. "आम्ही दोनशे शहाऐंशीपर्यंत आलो. रात्री ठेवलं, सकाळी उघडलं तर पुढं काही नाही. बाबा म्हणाले, फाटकीच प्रत होती."

"मंग शेवट कडुबानंच सांगितला," बानाबाई म्हणाली. "कोन्या गिऱ्हाइकाकडून ऐकला म्हनं. ती बहीण कोर्टात उभी राहती, कागद फाडती अन् म्हनती, मला वाटा नको, मला माझा भाऊ पायजे. मंग भाऊ रडत्यात. लुगडं-चोळी करत्यात. व्हय का बाई? असंच हाय का?"

आतून कप-बशी वाजायची थांबली.

मला कडुबाचा भयंकर राग आला. तीन वर्षांपूर्वी याच माणसानं वाचनालयात पेढे वाटले होते, गावाकडची जमीन नावावर झाली म्हणून. मी पेढा खाल्ला होता आणि बहिणीचं काय, असं विचारलंही नव्हतं. आता ‘हो, असंच आहे’ म्हटलं असतं तर सगळं इथंच मिटलं असतं आणि त्याची नोकरी वाचवायची वाटही सापडली असती. प्रत फाटकीच होती, असं उद्या बैठकीत मीही सांगितलं असतं. पण ती म्हातारी माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की तोंडातून खोटं निघेना.

"नाही," मी म्हटलं. "असं नाही. शेवटी ती जिंकते. न्यायाधीश कागद रद्द करतात आणि तिचा वाटा तिला मिळतो."

बानाबाईनं हातातली लसणाची कांडी परातीत ठेवली. तिला धक्का बसला असेल असं मला वाटलं, पण तसं काही दिसलं नाही.

"मला शक आलाच व्हता," ती म्हणाली. "दोनशे पानं जी बाई वाघिणीवानी भांडली, ती शेवटाला एकदम शेळी कशी झाली? लई इचार केला मी. म्हनलं, पुस्तक लिहिनारा तरी येडा हाय, न्हाय तर आमचा कडुबा तरी लबाड हाय. लिहिनारा काय येडा वाटला नाय मला."

आयुष्यभर मी अभिप्राय वाचत आलेय. इतका नेमका एकही वाचला नाही.

तिनं आवाज न चढवता हाक मारली, "कडुबा, भायेर ये."

तो आला. हातात चहाचा कप तसाच.

"पुस्तकाचा शेवट कामून बदलला तू?"

त्यानं कप या हातातून त्या हातात घेतला.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. आपले बाबा गेल्यावर फुलंब्रीच्या कचेरीत नेलं व्हतं मला. फोटू काढला, अंगठा घेतला. कशाचा कागद व्हता तो?"

"वारसाचं नाव लावायचा, आक्का."

"मंग लावलं का माझं नाव?"

कडुबानं कप खाली ठेवला. खुंटीला अपेक्षाची शाळेतली जुनी बॅग होती, ती काढली आणि तिच्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं बाहेर काढली. सोळाची सोळा, एकही कोपरा दुमडलेला नव्हता.

"फेकून द्यायला गेलतो दोनदा," तो मला म्हणाला. "लायब्ररीचं पान हाय, ताई. फेकवंना." मग बहिणीकडं न बघता बोलला, "नाव लावलं नाय, आक्का. कमी केलं. समदे करत्यात म्हनून मी बी केलं. सांगितलं असतं तर तू दिला बी असतास अंगठा. पन इचारायचं धाडस झालं नाय. ही पोरगी तो पुस्तकातला कचेरीचा भाग वाचत व्हती, तव्हा मी भिताडाला टेकून ऐकत व्हतो. त्या रात्री तुमी निजल्यावर शेवट मी सोता वाचला, अन् ब्लेडनं कापून घेतला."

"दिला असता," बानाबाई म्हणाली. "इचारला असता तर हसत दिला असता." तिचे डोळे भरले, पण तिनं पुसले नाहीत. "आता नाय देनार. अपेक्षा, वाच."

अपेक्षानं वाचलं. सोळा पानांना अर्धा तास लागला. न्यायाधीशांनी ‘सबब’ म्हणून सुरू केलेला परिच्छेद बानाबाईनं दोनदा वाचून घेतला. कडुबा भिंतीला पाठ लावून शेवटपर्यंत बसला, मान गुडघ्यात घालून. मलाही उठवेना. चहा थंड झाला तो कुणी प्याला नाही.

वाचून झाल्यावर मी पानं घेतली आणि म्हटलं, "कडुबा, उद्या बैठक आहे. मी खरं तेच सांगणार. तुला काढतील."

"सांगा, ताई. मी कापली म्हनून सांगा."

"बाई, एक ऐका माझं," बानाबाई म्हणाली. "अध्यक्षाला काय सांगायचं ते सांगा, पन ह्याला कामावरून काढू नका म्हनावं. मी कोर्टात जानार हाय. वकिलाला पैसे लागनार. माझ्याजवळ कुठले आले? ते ह्याच्याच पगारातून जातील. अन् खटला सरंपर्यंत मी इथंच ऱ्हानार, ह्याच्याच घरी जेवनार."

कडुबानं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बहिणीकडं बघितलं.

"देईन, आक्का," तो म्हणाला.