उपसलेली टाकी

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि दुष्काळ पडला. त्याच साली मी तिथल्या सरकी तेलाच्या रिफायनरीत केमिस्ट म्हणून लागले. हदगावहून आलेली, घरातली पहिली नोकरदार मुलगी. डोकं मात्र तापट.

तेल कॉस्टिक सोड्यानं धुतलं की साबणासारखं तेलकट, उग्र वासाचं पाणी उरतं. त्यावरचा तवंग काढायचा, पाणी टाकीत सोडायचं, खालून हवा द्यायची आणि उरलेली घाण टाकीतल्या जंतूंनी खायची, अशी ती पद्धत. जंतू वाढवायचं काम माझ्याकडे होतं. दुष्काळी छावणीतल्या जनावरांचं शेण आणलं, गूळ घातला, दोन महिने रोज टाकीवर वाकून वास घेतला. पाण्याला चांगला तपकिरी रंग आला तेव्हा आनंदानं घरमालकिणीला सांगितलं. ती पदरानं नाक झाकून हसत सुटली.

परवान्यासाठी प्रदूषण मंडळाचे साहेब बुधवारी पाणी तपासायला येणार होते. पाणी निवळलं नाही तर कारखाना बंद, असं मॅनेजरांनी बजावलं होतं. रविवारी मी सुट्टीवर होते. सोमवारी येऊन बघते तर टाकी रिकामी! खराट्यानं घासून लख्ख केलेली, काठाला ताजा गेरू. साहेब येणार म्हणून आमच्या फिटरचाचांनी माणसं लावून सगळी 'घाण' उपसली होती.

मी सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते बोलले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला! बोलता बोलता मलाच रडू फुटलं. मग कुठं विचारायचं सुचलं, की उपसून टाकलं कुठं?

"टाकतंय कोन?" चाचा म्हणाले. "पानी हाय ना बेटी ते. असल्या सालात पानी कोन फेकतं? मागच्या हौदात हाय. लिंबाच्या रोपांला घालणार व्हतो."

मी धावतच गेले. हौदावर गोणपाट टाकलेलं, खाली माझं तपकिरी पाणी. जरा आंबूस वास येत होता, पण सडलेलं नव्हतं. दुपारपर्यंत चाचांनीच पंप लावून ते परत टाकीत घेतलं, हवा सुरू केली. मी गुळाचा खडा विरघळवून घातला आणि दोन दिवस टाकीपासून हलले नाही.

बुधवारी साहेबांसमोर काचेच्या उभ्या भांड्यात टाकीतलं पाणी भरून ठेवलं. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसला आणि वर निवळशंख पाणी. साहेबांनी सही केली.

बोलले होते सगळ्यांदेखत, म्हणून माफीही सगळ्यांदेखतच मागितली. चाचांनाच कसंनुसं झालं. म्हणाले, "माफी ऱ्हाऊ दे बेटी. रोपांचं पानी तेवढं देऊन टाक."

निवळलेल्या पाण्याच्या दोन बादल्या भरून मी रोपांकडे निघाले. चाचा एक बादली घ्यायला पुढे आले. मी घेऊ दिली नाही.