हिरवी रेघ

इरा, मिहीर, काल लॅपटॉपवर तुमच्या उंचीचा आलेख उघडला, तर या वर्षाच्या टोकापाशी हिरवी रेघ निळीखाली गडप झालेली. दर सुट्टीत तुम्हाला दाराच्या चौकटीला उभं करून घेतलेली मापं मी एक्सेलमधून नव्या ॲपमध्ये घातली होती.

व्हिडिओ कॉलवर इरा, तू विचारलंस, "आजी, मी कुठे गेले?"

"दोघं सारखीच आहात गं. एकशे बारा."

"सारखी नाही! या वेळी मी उंच होते!"

खरंच होतीस. जुळ्या भावापेक्षा पहिल्यांदाच, अर्ध्या बोटाने. तुझे एकशे बारा पूर्णांक चार, त्याचे एकशे अकरा पूर्णांक सहा. दशांश ठेवायचे का, असं ॲपने विचारलं तेव्हा मीच 'नको' म्हटलं, रकाना नीटनेटका दिसावा म्हणून. आंब्याच्या फोडीही मी सारख्या करते आणि त्याला न्याय समजते. माझ्या टापटिपीत कुणाकुणाचं थोडंसं गेलं असेल, कोण जाणे.

आकडे दशांशांसह पुन्हा घातले. हिरवी रेघ केसभर वर आली. "दिसले!" तू ओरडलीस. मिहीर, तिच्या शेजारी तू गुपचूप टाचा उंचावल्यास, आणि मला तुझ्याकडे बघवेना.