तिचा उजवा घोटा

कबड्डीत मी एक पकड अशी केली आहे, की तिची आठवण निघाली तरी मला आजही तोंड लपवावंसं वाटतं. पकड पूर्ण नियमात होती. पंचांनी शिट्टी दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या पकडीच्या जोरावर मी जिल्ह्याच्या संघात गेले. आता मी शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. कधी कधी त्या विचारतात, "मॅडम, तुमची सगळ्यात भारी पकड कुठली?" मी दुसरीच कुठलीतरी सांगते आणि त्यांना मैदानाला चार चकरा मारायला लावते.

माझा डावा गुडघा गेला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पोयनाडच्या आत आमचं गाव, विहारामागे मैदान, आणि मी गावच्या मुलींच्या संघात डावा कोपरा सांभाळायचे. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम घोटा धरायचं. चढाई करणारी आत आली की वाकून, दबा धरून उभं राहायचं आणि पाय हाताशी आला की झडप घालायची. त्या दिवशी धरलेली मुलगी माझ्याच अंगावर कोसळली. माझा पाय मातीत रुतलेला आणि वरचं अंग फिरलं. आत कट्कन वाजलं ते मला ऐकू आलं. तरी मी उठून "काय नाय झालं" म्हणाले, कारण स्वभावच तसा. दोन पावलं टाकली आणि पाय असा लटकला की जणू तो माझा नव्हताच.

लिगामेंट तुटली होती. मुंबईत ऑपरेशन झालं, मांडीमागच्या स्नायूचा एक दोर काढून गुडघ्यात बसवला. गावात मात्र बातमी फिरली की हिच्या पायात वायर टाकलीय. शेजारची काकू येऊन आईला सांगून गेली की आता खेळबिळ पुरे, स्थळं बघा. मी कुबडी फेकून मारणार होते, पण कुबडीशिवाय मला उठता येत नव्हतं.

घरी परत आल्यावरचे दोन महिने मी कुणाला सांगत नाही. खाली बसता येत नव्हतं. वडिलांनी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती संडासात ठेवली. आई आंघोळ घालायची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अख्ख्या गावाला शिस्त लावणारे, ते सकाळी माझी बादली भरून ठेवायचे आणि बाहेर जाऊन उगाच पेपर वाचत बसायचे. मला वाटायचं, यापेक्षा जास्त लाज वाटावी असं आता आयुष्यात काही घडणार नाही. किती कमी कळत होतं मला.

व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा अलिबागला जायचे. तिथे फिजिओथेरपीच्या मॅडमच्या एका खोलीत चार पलंग होते. माझ्या शेजारच्या पलंगावर रेवदंड्याकडची एक मुलगी असायची. तिचा उजवा गुडघा, माझा डावा. ती चढाई करणारी, मी पकड करणारी. तिच्या घरी मासेमारी. ती रिक्षाने यायची तेव्हा तिचा पाय आडवा, दोन अनोळखी बायकांच्या मांडीवर ठेवलेला असायचा. त्या बायकांना ती सुकटीचा भाव विचारायची, म्हणजे त्यांचं पायाकडे लक्ष जाऊ नये. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू कोपऱ्यातली ना? तुझ्या खांद्यावरून वलखलं." मला ती लगेच आवडली.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा आकडे धरून ठेवायचं, हा पहिला व्यायाम. मांडी काडीसारखी झालेली. मेंदू हुकूम सोडतोय आणि मांडी ढिम्म. मॅडम दुसऱ्या पेशंटकडे गेल्या की आम्ही एकमेकींचे आकडे मोजायचो. मी तिचे मुद्दाम सावकाश मोजायचे, ती शिव्या घालायची. माझा गुडघा नव्वद अंशात वाकला त्या दिवशी तिने डब्यातून बोंबलाची चटणी आणि भाकरी आणली होती. मॅडमनी खोलीतला वास घालवायला दोन्ही खिडक्या उघडल्या, आणि मग स्वतःही एक घास घेतला.

आठ महिन्यांनी दोघी पळायला लागलो. त्यानंतरच्या एका दुपारी, अलिबागच्या स्टँडवर माझ्या एसटीची वाट बघत असताना, तिने मला ती गोष्ट सांगितली. ती सरावाला उतरली होती. कुणी कंबर धरली, डावा पाय धरला तर ती झगडायची. पण ज्या उजव्या घोट्याला धरलं तेव्हा तिचा गुडघा गेला होता, त्याला हात लागला की सगळं सोडून द्यायची.

"दमच जातो," ती म्हणाली. "मी झगडतच न्हाय. तिथंच बसते. सरांना वाटतं पाय घसरला. कुनाला सांगितलं न्हाय अजून. आयेला पन न्हाय."

मग मीही माझं सांगितलं. समोरची अंगावर झेपावली की माझे डोळे मिटतात. क्षणभरच, पण मिटतात. कोपऱ्यात उभं राहून डोळे मिटणारी मुलगी म्हणजे उघडं दार. ती हसली नाही. "जाईल ते," एवढंच म्हणाली. एसटी आली आणि मी चढले. मन इतकं हलकं झालं होतं की घरी पोचेपर्यंत मी खिडकीतून हसत होते.

भातं काढून झाल्यावर आमच्याकडे स्पर्धा सुरू होतात. त्या वर्षी रेवदंड्याजवळच्या एका गावात मुलींचे सामने होते. मैदान खाडीच्या बाजूला, पलीकडे बांबूवर मासे वाळत घातलेले. मंडपात जिल्ह्याचा संघ निवडणारी माणसं बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला शेवटची संधी होती. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा निवड झाली तर खेळ, नाही तर बी.पी.एड.चा फॉर्म भर आणि मोकळी हो. आमच्या सरांनी मला संघात घेतलं होतं, पण कोपऱ्यात दुसरी मुलगी तयार ठेवली होती. ती बाकावर गुडघे हलवत बसली होती. तिचे दोन्ही गुडघे धडधाकट होते, हे मला तिथूनही दिसत होतं.

उपांत्य सामना नेमका माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मैत्रिणीच्या गावाशी. सुरुवातीला आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. मग ती चढाईला आली आणि सरळ माझ्या कोपऱ्याकडे आली. माझ्यासमोर येऊन पाय पुढे टाकला, बोनसची रेषा ओलांडून एक गुण घेतला, आणि गेली. मी झेपावले, पण उशिरा. पुन्हा आली, पुन्हा माझ्याकडे. हात लांब करून माझ्या शेजारणीला शिवली आणि परत. मला एकदाही शिवली नाही. पाय मारला नाही, अंगावर आली नाही. मी तिथे नाहीच अशी खेळत होती. चार चढाया, चारही माझ्याच बाजूने.

मध्यंतरात सरांनी मला बाजूला घेतलं. "कळतंय का तुला? तुझा गुडघा कच्चा आहे हे तिला माहितीय. तुझ्या कोपऱ्यातनं रस्ता केलाय तिने. अजून एकदा गुण नेला ना, तर मी बदलतोय तुला."

माझं डोकं फिरलं. फिरायला फार लागतच नाही. मनात म्हटलं, असं काय? मी विश्वासाने सांगितलं, आणि हिने त्याचा रस्ता केला. आठ महिने माझ्या शेजारी झोपून आकडे मोजलेस, ते याच्यासाठी? एकदाही असं डोक्यात आलं नाही की तिला माझा गुडघा हवा असता तर ती अंगावर आली असती. डोळे मिटतात हे तिला माहीत होतं. तिने ते एकदाही वापरलं नव्हतं. हे मला दिसत होतं, आणि दिसूनही मी ते अपमान म्हणूनच मोजलं.

सामना संपायला दोनेक मिनिटं असताना ती पुन्हा आली. गुण बरोबरीत होते. "कबड्डी, कबड्डी" करत ती माझ्यासमोर थांबली, डावा पाय मागे, उजवा पुढे. या वेळी मला घाई नव्हती, कारण कुठला पाय धरायचा ते मी आधीच ठरवलं होतं. डावा पाय हाताशी येण्याची वाट मी पाहिली नाही. तिने बोनससाठी उजवा पाय टाकला आणि मी दोन्ही हातांनी त्याच पायाचा घोटा धरला.

ती झगडली नाही. सांगितलं होतं तसंच झालं. दम तुटला आणि ती खाली बसली. त्या एका क्षणात तिने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. चुकून हात लागला असेल, आता सोडेल, अशी ती बघत होती. मी सोडला नाही. दम गेला होता, गुण आमचा झाला होता, धरून ठेवायची काहीच गरज नव्हती. तरी पंचांची शिट्टी कानावर येईपर्यंत मी तो घोटा आवळून धरला, आणि शिट्टीनंतरही थोडा वेळ. माझ्या तळहाताखाली तो पाय थरथरत होता.

आमच्या मुलींनी मला उचललं. सर मंडपाकडे बघून ओरडले, "बघा, ऑपरेशननंतर!" ती उठली, लंगडत नव्हती, तिला काही झालंच नव्हतं. मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी स्वतःला लगेच माफ करून टाकलं. त्यांना पुढचा गुण मिळाल्यावर ती पुन्हा मैदानात आली, पण त्यानंतर एकदाही चढाईला आली नाही. तिच्या सरांनी दोनदा हाताने खुणावलं, ती मान हलवून मागेच उभी राहिली. आम्ही जिंकलो. संध्याकाळी जिल्ह्याच्या संघाची यादी वाचली, त्यात मी होते.

जिल्ह्याच्या संघाच्या शिबिराला जाण्याआधी गुडघा तयार आहे असं मॅडमकडून लिहून आणायचं होतं. तीन आठवड्यांनी अलिबागला गेले, तर ती तिथेच, आपल्या जुन्या पलंगावर. मला पाहून तिने पाय आखडून बसायला जागा केली. मी बसले नाही. माझ्या मनात अजून सरांचंच बोलणं घोळत होतं आणि मला माझी बाजू आधी मांडायची होती. उभ्यानेच विचारलं, "माझ्या कोपऱ्यातनंच का येत होतीस गं सारखी? माझा गुडघा कच्चा म्हणून?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तुझा गुडघा?" ती म्हणाली. "बाकीच्या सहा जनींत कोन कुठला पाय धरील ते मला काय ठाव? तुला ठाव होतं. म्हनून तुझ्याकडं येत होते. तुझ्या कोपऱ्यात मला भ्या नव्हतं."

बोलायला होतं ते एकच होतं आणि ते तोंडातून निघेना. तीच पुढे म्हणाली, "खेळ हाय तो. तू धरलास ते बरोबरच हाय." मला वाचवायला म्हणाली ती. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर मी घरी जाऊन शांत झोपले असते. खेळणं सोडलंय, ती म्हणाली. आता फक्त पाय दुखू नये म्हणून येते.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी मला जमिनीवर पट्टी आखून दिली आणि डाव्या एका पायावर लंगडी उड्या मारायला सांगितल्या. ऑपरेशनच्या पायावर पहिली उडी मारताना सगळ्यांचाच जीव वर येतो. माझाही आला, आणि तिने तो पाहिला असावा. ती पलंगावरून उतरली, माझ्यासमोर चार पावलांवर येऊन उभी राहिली आणि मी पडले तर धरायला दोन्ही हात पुढे केले.

मी उड्या मारल्या. एकदाही तोल गेला नाही. तिच्या हातांना मला धरावं लागलं नाही. मॅडमनी कागदावर सही केली, तो मी पिशवीत घातला, तिला "येते" म्हणाले आणि स्टँडवर आले. माफी मागायची होती. तेव्हा राहिली. आजही राहिलेलीच आहे.